शेम टू शेम

यावलच्या विश्रामगृहासाठी बारा चित्रं हवीत,
फ्लेक्स नको, हाताचीच, साहेब म्हणाले
आणि प्लास्टिकची पिशवी पुढे केली.
आत दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रांच्या रंगीत झेरॉक्स,
पिवळ्याचा हिरवा झालेल्या.
शेम टू शेम करा, निंबाभाऊ.
मी हो म्हटलं.
केळी एजन्सीचा शेवटचा बोर्ड रंगवला त्याला चौदा वर्षं झाली,
तेव्हापासून हाताचं कुणी मागितलंच नव्हतं.

तुझं नाव कुठेच नाही.
तळाशी वळणदार इंग्रजीत पक्ष्याचं नाव,
ज्यानं तो पाडला त्या गोऱ्याचं नाव, साल,
आणि पुढे कड कापलेली.
कापलेल्या कडेवर असशील कदाचित.
मी आपला उस्ताद म्हणतो.

चोपड्याचा मे, उस्ताद.
कागदाला टेकण्याआधी रंग ब्रशवरच वाळतो.
खिडकीला ओलं पोतं लावलं,
परातीत पाणी, पाण्यात वाट्या, वाट्यांत रंग.
तुझ्या खोलीत पाणी कोण मारायचं?
पेन्सिलीनं चौकटी आखल्या
आणि तुझा एकेक चौकोन मोठा करत उतरवत गेलो.
काळवीट. तणमोर. अस्वलाच्या छातीवरचा पांढरा नाल.
तुझा झीरो नंबर कशाचा होता?
खारीच्या शेपटीचा म्हणतात.
माझा जळगावहून आणलेला, नायलॉनचा,
तीन केस उपटून बारीक केलेला.

चित्त्यापाशी अडलो.
फोटो काढताना काचेवर फ्लॅश पडलेला,
मागचं एक पाऊल पांढऱ्या गोळ्यात गेलेलं.
चित्ता इथे कुणाच्या आज्यानंही पाहिलेला नाही.
दोन दिवस थांबलो, मग
गल्लीतल्या लाल्या कुत्र्याला भाकर टाकून
त्याचा पाय बघून काढला.
साहेबांना कळलं नाही.
तुला कळलं असतं.

बारावा रानपिंगळा.
तो सुकत ठेवला होता तेव्हा
वैजापूरकडचा खुमसिंग पावरा चारोळी घेऊन आला.
माप बाजूला ठेवलं, चित्रासमोर उकिडवा बसला,
बराच वेळ.
मग म्हणाला, हाऊ त मरेल शे.
मी म्हटलं, काय?
डोया देख. पाय देख.
जिवंत पिंगळा फांदी धरतो,
याची बोटं फांदीवर ठेवून दिलीत.
आणि हा भर दिवसा उडतो, शेपटी अशी करतो,
असं म्हणून त्यानं तळहात हलवला,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
खोलीत जणू काहीतरी येऊन बसलं.

तो गेल्यावर भिंग घेतलं.
डोळ्याच्या कडेशी कापसाचं एक तूस.
आणि डाव्या पायापासून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत
केसाएवढी तपकिरी रेघ.
मी तिला कागदाची चीर समजून सोडून दिलं होतं.
दोरा होता तो.
चिठ्ठी बांधायचा.

आता बघ, उस्ताद,
दोरा न काढायला काहीच लागत नाही.
काढायला मात्र श्वास धरावा लागतो,
मनगट जमिनीला टेकवावं लागतं.
गोऱ्याला तर पक्षी फांदीवर हवा होता.
फांदी तू त्याच्यासाठी काढलीस,
दोरा कुणासाठी?

रात्री लाईट गेली होती.
मोबाईलच्या उजेडात मी तो दोरा काढला,
एका दमात, तुझ्यापेक्षा किंचित जाड.

साहेब म्हणाले, बाकी फक्कड, ही रेघ तेवढी पुसा.
मी म्हटलं, मूळ चित्रात आहे.
ते म्हणाले, पाहुण्यांना वाटेल डाग पडलाय.
मी म्हटलं, शेम टू शेम.
अकरा चित्रांचे पैसे मिळाले.

बारावं दुकानात आहे, टर्पेंटाईनच्या डब्यांच्या वर.
चारोळी संपली, पाऊस संपला,
खुमसिंग आता सीताफळं घेऊन येतो.
टोपली टेकवण्याआधी वर बघतो,
आजून मरेलच शे का?
हो, मी म्हणतो,
आणि सीताफळं दाबून बघत बसतो,
कुठलं आज पिकलंय, कुठलं उद्या पिकेल.