बरंय

मालिकेतली मुलगी रडते तेव्हा
तिचे केस उडतात, मागे समुद्र असतो,
आणि डोळ्यांतलं पाणी गालावर न ओघळता
गोल गोल होऊन हवेत तरंगत जातं.
मुक्ता म्हणायची, आपल्याकडे रडायचं तर
आधी मोरीतला नळ सोडावा लागतो.

तिघं होतो आम्ही. कर्वेनगरात मुक्ताची खोली,
बिजागर मोडलेला लॅपटॉप,
मागे टेकू म्हणून जपानी शब्दकोश.
रविवारी क्लास सुटला की दोन भाग, कधी तीन.
निहार मधे बसायचा.
पडद्याखालच्या ओळी आमच्याआधी वाचायचा, आमच्याआधी हसायचा,
त्यामुळे प्रत्येक विनोद मला
आधी त्याच्या खांद्यातून कळायचा.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाराव्या भागात नायक शाळेत येणं बंद करतो.
बाकी काही घडत नाही. खिडकीजवळचं त्याचं बाक,
त्यावरून सरकत जाणारं ऊन. मिनिटभर तेवढंच.
मुक्ता म्हणाली, हे काय, गोष्ट थांबलीच की.
निहार म्हणाला, छे, आत्ता सुरू झाली.
तेरावा पुढच्या रविवारी, असं मी म्हटलं तर मुक्ता ओरडली,
तेरावा काय गं, शेवटचा म्हण.
मग स्वतःच म्हणाली, नको, तेही नको.

त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं, दाइजोबु.
सूर चढवला की, ठीक आहेस ना?
उतरवला की, ठीक आहे.
प्रश्नाला आणि उत्तराला मिळून एकच शब्द.
मी वहीच्या कडेला लिहिलं, म्हणजे आपलं बरंय.
निहारने डोकावून पेन्सिलीने खाली जोडलं:
आपलं निघतानाही चालतं.
बरंय, येतो मग.

येतो म्हणाला, आला नाही.
पुढचा रविवार, त्याच्या पुढचा.
फोनवर बरंय. मेसेजवर बरंय, सोबत एक अंगठा.
दुपारी चारला त्याची आई दारात,
झोपलाय गं. हल्ली झोपूनच असतो.
डॉक्टर म्हणालेत वेळ लागेल.
यातला ‘डॉक्टर’ तिने इतका हळू उच्चारला
की समोरच्या फ्लॅटची पाटीही वळून बघणार नाही.

मालिकेतली मुलगी रोज त्याच्या उंबऱ्यावर वह्या ठेवते.
मी तिचीच नक्कल केली, फक्त समुद्राऐवजी
पहाटेची वारज्याची बस, तिसरा मजला,
कडीला अडकवलेली दुधाची पिशवी,
आणि तिच्यात घडी घालून चित्रलिपीचा गृहपाठ.
अकरा कागद गेले. एकाचंही काही नाही.
बारावा परत आला, दुधाचा डाग पडलेला.
‘पाऊस’ लिहिताना चार थेंब द्यायचे असतात,
मी तीनच दिले होते.
चौथा त्याने लाल पेनने दिला होता.
बसमध्ये तो कागद मी किती वेळा उघडला
ते कंडक्टरला माहीत आहे.

नोव्हेंबरात एकदा तो खाली आला.
बाथरूमच्या स्लिपरा, दाढी, अंगात बाबांचा स्वेटर.
ओकायामाच्या बागेत नेलं त्याला, सिंहगड रस्त्यावर.
हिरवळीवर टेकलो तर रखवालदाराने शिट्टी मारली.
मग पुलाच्या कठड्याशी तिघं उभे, खाली मासे.
बरंय ना, असं ओठांवर आलं होतं माझ्या.
गिळलं. विचारलं, सकाळी काय खाल्लंस?
तो बराच वेळ माशांकडे बघत राहिला.
काही नाही, म्हणाला. बरं नाहीये गं मला.
एवढी मोठी बातमी, आणि मुक्ता
पिशवीत हात घालून चिवडा शोधत बसली.

शेवटचा भाग बघितलात? त्याने विचारलं.
नाही म्हटलं.
बघा की.
बघू, मुक्ता म्हणाली, शब्दकोश सापडत नाहीये.
शब्दकोश तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता.

बसथांब्याजवळ बुचाची फुलं पडलेली.
लहानपणी वाजवायचो तशी तोंडात धरून
तिघांनी पिपाणी फुंकली.
माझी वाजली नाही. त्याचीही नाही.
मुक्ताची थोडी, तीही बेसूर.
बस आली तेव्हा तो नुसतं ‘येतो’ म्हणाला.
अलीकडचा शब्द गाळून.