मूळ तिच्याकडे

जाईचं मूळ आर्मिंदाबायच्या अंगणात,
चिऱ्यांच्या गडग्याला टेकून,
आणि निम्मी फुलं माझ्या बाजूला.
यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.
भांडणं झाली ती फणसाच्या पाल्यावरून, कोंबड्यांवरून,
एकदा पंचायतीच्या निवडणुकीवरून.

लेकीच्या बाळंतपणाला लिस्बनला निघाली तेव्हा
तिनं कात्री माझ्या हातात दिली.
तीन महिने, म्हणाली.
"नाताळाचं नखेत्र उतरवलं की कापायची.
गुडघ्याएवढी.
दया करायची नाही."

मी एकतीस वर्षं फेरीबोटीवर होतो,
रायबंदर ते दिवाडी, दिवाडी ते रायबंदर.
बांधणं मला येतं.
काथ्याच्या सुंभानं मी ही वेल मांडवाला अशी बांधली
की ऑगस्टचा वारा दोनदा येऊन हात हलवत परत गेला.
कापणं कुणी शिकवलं नाही.

जानेवारीत पाहिलं तर तांबड्या हुमल्यांनी
पानाला पान शिवून घर केलेलं.
म्हटलं, त्यांचं कसं मोडू.
फेब्रुवारीत म्हटलं, आता उशीर झाला.
फोनवर तिचा आवाज यायचा,
मागे ट्रामची घंटा, बाळाचं रडणं:
"कापली मरे?"
"कापली," मी म्हणायचो.

मे महिन्यात विहीर मचूळ झाली.
मी नळाचं गोडं पाणी, तांदळाचं धुवण,
बांगडे धुतलेलं पाणी,
घरात जे जे ओलं होतं ते तिच्या मुळाशी ओतलं.
वेल माजली.
मांडवावरून कौलांवर, कौलांवरून उतरून
अंगणातल्या क्रुसाच्या दोन्ही हातांवर.
पानंच पानं.
फूल एक नाही.

श्रावणात तिनं फोटो मागितला.
मी गेल्या साली काढलेला शोधून पाठवला,
मांडव पांढराधोप.
बराच वेळ उत्तर नाही. मग आलं:

"दोरीवर माझा निळा टॉवेल दिसतो.
तो इथं आहे, माझ्या खांद्यावर.
त्यावर पोर झोपलंय."

मी लिहीत होतो, पुसत होतो.
ते तिला तिथं दिसत असणार.
शेवटी तिचाच आवाज आला. ओरडली नाही.
"सगुण, तुझ्या बोटीत
आधीची माणसं उतरल्याशिवाय
दुसरी चढायची?"

आणि मग: आता पावसात हात लावू नको, कुजेल.
नखेत्र उतरेपर्यंत थांब.

म्हणजे नाताळालाही ती येणार नव्हती.
हे तिनं सांगितलं नाही,
मी हिशेब केला.

डिसेंबरात तिच्या बलकांवात नखेत्र नव्हतं,
म्हणून मी बाजारातून कागदाचं आणून
माझ्या तुळशीशेजारी टांगलं.
उतरवायला काहीतरी हवं.
शेजारपाजारचे हसले. हसू दे.

तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते उतरवलं
आणि कात्री घेतली.
पहिली फांदी डोळे मिटून कापली, ते चुकलं,
ती तिरकी चिरली.
पुढच्या बघून कापल्या,
डोळ्याच्या वर बोटभर ठेवून.
माझ्याच गाठी मला सुटेनात.
सुंभ भिजून, वाळून वेलीच्याच रंगाचा झालेला,
दोर कुठं संपतो, फांदी कुठं लागते,
काही ठिकाणी दोन्ही कापलं.

संध्याकाळी गडग्यापलीकडे नुसते बुंधे.
कितीतरी वर्षांनी माझ्या खिडकीतून
आर्मिंदाबायचं दार दिसलं.
आणि कुलूप.

फोटो काढला. त्यात दोरी येते, मोकळी.
पाठवला.

"बरी कापलीस. पंधरा दिवस पाणी नको.
डाव्या बाजूचा एक बुंधा उंच राहिलाय बघ."

राहिला नाही, ठेवलाय.
त्याच्यावर हुमल्यांचं घर आहे.
हे अजून तिला कळवलेलं नाही.