हाडाची बदली

उजवीकडची खालची दाढ, शेवटून दुसरी.
पन्नास वर्षं तिनं सुपारी फोडली
आणि दुभंगली कशानं, तर कालच्या भाखरीच्या कडेनं.

डॉक्टर कृपाबेन अमीन, रावपुरा, दुसरा मजला,
खाली चष्म्यांचं दुकान.
मराठी त्यांना समजतं बऱ्यापैकी, बोलत नाहीत.
म्हणाल्या, दाढ काढली की खड्डा राहतो.
खड्डा भरतो, पण हाड बसतं,
काठ आत ओढले जातात,
पुढे दात रोवायचा म्हटलं तर जमीनच उरत नाही.
म्हणून हे.

हे म्हणजे चिमूटभर पांढरे दाणे,
इवल्या कुपीत, जाड्या रव्यासारखे.
मी विचारलं, कुणाचं हाड आहे?
कोईनुं नथी, बेन.
गाईचं येतं, डुकराचं येतं; हे कुणाचंच नाही,
भट्टीत भाजून केलेलं.
खड्ड्यात रक्त उतरलं की
या दाण्यांना धरून तुमचंच हाड चढेल,
दोडक्याचा वेल चढतो ना मांडवावर, तसं.
आणि वेल चढेल तसतसा मांडव विरघळेल.
वर्षभरानं शोधलात तरी सापडायचा नाही.

अर्धा ग्रॅम. साडेचार हजार.

मी सही केली.
ओठ बधिर होईपर्यंत दहा मिनिटं होती,
तेवढ्यात आठवलं, हे काम मी केलेलं आहे.

एकतीस वर्षं बदलीवर शिकवलं मी.
दांडिया बाजार, वाडी, मांडवीपलीकडची मुलींची शाळा,
बडोद्यात मराठी वर्ग भरायचे तेव्हाची गोष्ट.
कुणाचं बाळंतपण, कुणाचा टायफॉइड,
निंबाळकर सरांचा मोडलेला पाय,
दोनदा, तोच पाय.
तासाला अठरा रुपये, पुढे बावीस.
फळ्याच्या कोपऱ्यात, वर्गशिक्षिका: सौ. प्रमिला खानविलकर.
ते पुसायचं नाही, हे मला शिपायानं सांगितलं,
पहिल्याच दिवशी, खडू देण्याआधी.

मी जागा धरून बसायचे.
वर्ग आत कोसळू नये, एवढंच काम.
त्रैराशिक जिथं थांबलं होतं तिथून पुढे.
पोरं माझ्या अंगाखांद्यावरून चढत
चक्रवाढ व्याजापर्यंत पोचायची,
आणि एका सोमवारी बाई परत यायच्या,
बाळसेदार, नव्या चपलांत.
डस्टर टेबलावर ठेवून मी निघायचे.
डबा तसाच पिशवीत.

निरोपसमारंभात म्हणतात, अमुक बाई म्हणजे हाडाच्या शिक्षिका.
त्या समारंभांना खुर्च्या मांडल्या आहेत मी.

टाके दोन.
चूळ खळखळून भरायची नाही,
जीभ तिकडे न्यायची नाही,
एखाददुसरा दाणा तोंडात आला तर घाबरायचं नाही.

रात्री आला एक.
जिभेवर घोळवला. चव नाही, वास नाही,
फक्त खरखर.
थुंकवेना.
लाइट न लावता तशीच बसून राहिले पलंगावर,
कुणाचाच नसलेला तो कण तोंडात धरून,
आणि मग केव्हातरी पाण्याबरोबर गेला.

चार महिन्यांनी एक्स-रे.
कृपाबेन पडद्यावर पेनाचं टोक फिरवतात.
हे धुरकट दिसतंय ते तुमचं. नवं. सरस आहे.
आणि हे ठिपके? मी विचारते, हे तीन-चार?
ते आपलं मटेरियल. राहिलंय थोडं, जाईल.

मग तोंडात आरसा घालतात.
घाई नाही, मी म्हणते, राहू दे की.
पण आरशाच्या दांड्याभोवती शब्द फुटत नाहीत नीट,
आणि त्या हात मागे घेऊन विचारतात,
दुखे छे?