भोवरा

कामाक्षीच्या डोक्यावरचा भोवरा उजवीकडे फिरतो,
माझा डावीकडे.
बाकी आईलाही कळायचं नाही
न्हाऊ घालताना कुणाचे केस दोनदा चोळले
आणि कोण कोरडीच राहिली.

पंचावन्न साल. आम्हांला सतरावं.
चोडणहून सकाळची गॅसोलीन सुटे,
कामाक्षी अबोलीचे वळेसर घेऊन पणजीला जाई.
केळीच्या पानात वर फुलं,
खाली बारीक अक्षरांतले कागद,
घरात ज्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नसे.

मग तिला ताप आला.
"तू जा, मी होऊन जा.
छापखान्यात सगुण असेल. तो दोन आणे म्हणेल,
तू चारावर अडून बस.
आणि हसू नकोस, मी त्याच्याशी हसत नाही."

मी अडले नाही. दोन तर दोन.
त्याच्या बोटांकडे बघत राहिले,
नखांत शाई,
तांदळातले खडे वेचावेत तसे खिळे उचलणारी.
हसलेही असेन.

ताप चार दिवसांत उतरला.
मी आणखी एक गुरुवार मागितला, मग आणखी एक.
कामाक्षीनं दिले,
उसनं मीठ द्यावं तसे,
परत येणार नाही हे ठाऊक असून.

पाचव्या गुरुवारी तो मान खालीच ठेवून म्हणाला,
"तुझं खरं नाव काय?"
"कामाक्षी."
"कामाक्षी उजवीकडे फूल माळते.
मी दिवसभर उलटी अक्षरं वाचतो, बाय."
सांगितलं मग.
त्यानं चार खिळे जुळवले, शाई लावली,
माझ्या तळव्यावर दाबले.
म्हाळसा. सुलटं उमटलं.
घरी पोचेपर्यंत मी मूठ उघडली नाही.

शाई जाईना.
राखेनं घासली, चिंचेनं घासली.
"धक्क्यावर हात बघतात हल्ली," कामाक्षी म्हणाली,
"या खेपेला मी जाते."
फूल तिनं डावीकडे माळलं.
मला वाटलं, चिडवतेय.

पाखल्यांनी पानं उलगडली.
नाव विचारलं.
तिनं माझं सांगितलं.
का, ते आजवर बोललेली नाही.

चौदा महिने आग्वादच्या वहीत म्हाळसा होती
आणि घरात मी कामाक्षी.
हाक आली की ओ द्यायची.
एकदा न्हाऊ घालताना आईचा हात
माझ्या भोवऱ्यावर थांबला.
पाणी तांब्यातच होतं कितीतरी वेळ.
मग ओतलं.

छापखान्याला सील. सगुण रातोरात घाटापलीकडे.
ती सुटून आली तेव्हा केस कापलेले,
दातांत फट.
गावातलं पोरसुद्धा सांगू लागलं
कोण कुठली.
त्या रात्री मी कोयती घेऊन वेणी कापली.
आई रडली. कामाक्षी इतकी हसली
की ती फट पहिल्यांदा नीट दिसली.

एकसष्टच्या डिसेंबरात पाखले गेले.
जानेवारीत तो चोडणच्या धक्क्यावर उतरला,
कानामागे थोडा पिकलेला.
त्यानं कुठल्याशा यादीत वाचलं होतं,
म्हाळसा, चौदा महिने.
आमच्या दोघींच्या मधोमध बघत त्यानं विचारलं,
"म्हाळसा?"

माझ्या तोंडून नाव निघेना.
ते तिथल्या भिंतींना ठाऊक होतं,
तिथल्या पेजेला, तिथल्या ढेकणांना.
माझं काय होतं त्यात?

कामाक्षीनं मला कोपरानं ढकललं.
"घे तुझं नाव.
वापरलंय मी, पण फाटलेलं नाही."

तो माझ्या टोपलीपाशी उकिडवा बसला.
"वळेसर केवढ्याला?"
आणे तर केव्हाच मोडीत निघाले होते.
"चार आणे," मी म्हटलं,
आणि अडून बसले.