चार तासांच्या आत

हृदय बाहेर काढल्यावर चार तास.
हे पाठ केलेलं नाही मी, अंगात मुरलंय,
जशी कुणाच्या अंगात दूध उतू जायची वेळ मुरते.

तळहातावर बॉलपेननं लिहिते सगळं:
दवाखाना ते लोहगाव, आठ किलोमीटर, अकरा मिनिटं.
लोहगाव ते चेन्नई, हवेतून नऊशे, एक तास चाळीस.
तिथला रस्ता, पंधरा.
उरलेलं सगळं टाके घालणाऱ्यांचं.
घामानं चाळीसातलं शून्य पुसट झालं,
परत गिरवलं.

मंदाकिनी जगताप बाकावर,
मांडीवर पिशवी, पिशवीत रेवणनाथच्या चपला.
सह्या झाल्या होत्या. पेन अजून त्यांच्याच हातात.
"किती लांब आहे ते?"
गावाचं नाव सांगायचं नसतं. मी सांगितलं.
"नऊशे किलोमीटर. विमानानं."
त्यांनी मनात काहीतरी मांडलं, मोडलं.
"आणि टेम्पोनं?"

सासवड ते मार्केट यार्ड, बारा वर्षं.
अंजिराच्या पाट्या, अंजीर सरलं की सीताफळं.
पहाटे तीनला निघायचे.
दिवे घाट उतरताना दुसरा गिअर, कितीही घाई असो.
हडपसरला एक चहा, गाडी बंद न करता.
तीस किलोमीटर. कधी तास, कधी अडीच.
हे त्या मला सांगत नव्हत्या,
समोर भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या, त्यांना सांगत होत्या.

"टेम्पोनं दोन दिवस लागतील," मी म्हटलं.
"दीड," त्या म्हणाल्या.
"रात्रीची चालवायचे ते."

सव्वादोनला पेटी निघाली.
निळी, आत बर्फ, वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी.
बंडगार्डनच्या पुलावर बसगाड्या कडेला दाबलेल्या,
येरवड्याला हवालदार, शिट्टी ओठांत, न वाजवता,
एक रिक्षावाला अर्धा बाहेर वाकून,
आणि एकही सिग्नल लाल नाही.
त्याला हे पहिल्यांदाच मिळत असणार.
नऊ मिनिटं लागली.
वाचलेली दोन मिनिटं हातावर कुठं लिहायची
कळेना.

संध्याकाळी फोन आला. चालू झालं.
मी जिना उतरून मागच्या दाराशी गेले.
त्या दिरासोबत उभ्या, गाडीची वाट बघत.
सांगितलं.
त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"वाटेत कुठं थांबलं नाही ना?"
"नाही."
"बरं."

मग बाकीचा रेवणनाथ सासवडला निघाला.
तीस किलोमीटर.
फुरसुंगीला कोंडी होती, दीर नंतर म्हणाला,
एक ट्रक आडवा झालेला,
अडीच तास लागले.