कानाडोळा

तपासणीचं पथक आलं तेव्हा अख्ख्या शाळेत
शांत अशी एकच खोली निघाली,
पोषण आहाराच्या तांदळाची.
पोती आवाज पितात, म्हणाल्या पाखरे मॅडम,
आणि पोत्यांच्या बेचक्यात त्यांनी यंत्र मांडलं.
लाकडी स्टूल, मोठाले काळे हेडफोन,
एका वाटीत चिंचोके, दुसरी रिकामी.
कानात ‘टूं’ झालं की एक टाकायचा.
इतकंच.

पण भिंतीपलीकडे उद्यमनगर.
ईश्वरा मिस्त्रींचं लेथ सकाळी आठला सुरू होतं,
प्रार्थनेवरून जातं, पाढ्यांवरून जातं.
बावीस वर्षं मी त्याच्या वरच्या पट्टीत शिकवतेय.
घरीही तशीच बोलते.
शेजाऱ्यांना वाटतं, भांडते.

गेले. म्हटलं, दोन तास मशीन थांबवाल?
ऐकू गेलं नाही.
पुन्हा म्हटलं, मग हातानंच दाखवलं:
पोरं, कान, बंद.
“व्हय की,” म्हणाले, आणि खटका पाडला.
“आमचं तर गेलंच हाय. त्यांचं तरी बघा.”

पहिलीतली पोरं बिचकली.
बाई, काय झालं? बाई, काय बंद पडलं?
कौलांवर साळुंक्या भांडत होत्या,
रोजच भांडत असणार.

व्हरांड्यात डोळ्यांचा तक्ता.
नुसते इंग्रजी ई, पोरांच्या लेखी फण्या.
फणीचे दात कुणीकडं?
वर. खाली. माझ्याकडं.
“रंकाळ्याकडं,” एकजण म्हणाला,
आणि बरोबर होतं ते.

प्रज्योत लोहारनं सगळ्या ओळी धडाधड सांगितल्या,
अगदी मुंगीएवढ्यासुद्धा.
मॅडमनी न बोलता तक्ता उलटा टांगला.
तो तेच म्हणत राहिला, त्याच चालीत.
रांगेत पुढं उभ्या बाराजणांचं ऐकून
पाठ केलं होतं त्यानं.
त्याच्या प्रगतिपुस्तकात माझ्या अक्षरात आहे:
‘शेजाऱ्याचं बघून लिहितो.’
फळा दिसत नव्हता, बाई.
शेजारी दिसत होता.

मग अलफिया शिकलगार.
टप. टप. चिंचोके वेळेवर पडत होते,
मी दारातून बघत होते, बरं वाटत होतं.
मॅडम मात्र थांबल्या.
ती यंत्राच्या खटक्यावरचं
त्यांचं बोट बघत होती.
त्यांनी स्टूल फिरवलं,
तोंड पोत्यांकडे.

आता वाटी गप्प.
बराच वेळ.
ती पोत्यावरची छापील अक्षरं वाचत बसली,
तळहातातला चिंचोका घामेजला.
उजव्या कानात तीन पडले.
डाव्यात एकही नाही.

तो डावा कान मी पिळला होता.
गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी, सगळ्या वर्गासमोर.
“ऐकू येत नाही का गं?”
प्रश्न नव्हताच तो, कुणी उत्तर द्यावं असा.
तरी तिनं दिलं होतं.
माझ्या ओठांकडे नीट बघून
मान हलवली होती:
येतंय.

थोरल्या दवाखान्याच्या नऊ चिठ्ठ्या.
सहा डोळ्यांच्या, तीन कानांच्या.
मी नावं लिहिली, तारखा लिहिल्या,
एका ठिकाणी शाई पसरली, पुन्हा लिहिली.
भिंतीवरून ईश्वरा मिस्त्री ओरडले,
त्या शांततेतही तेवढ्याच मोठ्यानं:
“झालं का बाई? करू का चालू?”

करा म्हटलं.
काय करणार.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता
बोलत होते, सवयीनं, फळ्याशीच.
पाठीला काहीतरी जाणवलं.
खडू ठेवला, आधी वळले,
मग वाक्य पहिल्यापासून घेतलं.
पोरं कंटाळली.
एक सोडून.

आठवड्यानं खिचडीच्या तांदळात
चिंचोका निघाला.
सुमनताई चिडल्या, कुणाची ही थेरं म्हणाल्या.
मी तो धुतला
आणि खडूंच्या डब्यात ठेवला.
डबा उचलला की वाजतो.