पुरे म्हणणारी जागा

दिवसभर मी माशांना जेवू घालतो.
खाडीत सहा गोल जाळी, प्रत्येकात हजारो सॅमन,
आणि मी किनाऱ्यावरच्या खोलीत, पडद्यासमोर.
नळीतून दाणे सुटतात, मासे झेपावतात,
मग हळूहळू गर्दी पांगते,
दाणे तसेच खाली बुडू लागतात.
मी बटण दाबतो. झालं, पोटं भरली.
माशालासुद्धा कळतं.

घरी ट्रोन्दुर विचारतो, "जेवायला काय?"
त्याचं ताट अजून ओलं असतं सिंकमध्ये.

सोळा वर्षांचा आहे.
परवाच्या ऑक्टोबरात मेंढ्या खाली आणताना
कड्यावरचं गवत पायाखालून सुटलं.
कोपनहेगनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला,
पेन्सिलीचं टोक मधोमध टेकवलं :
इथं एक जागा असते, पुरे म्हणणारी.
"केवढी?" बिरिटानं विचारलं.
बदामाएवढी.
माझ्या डोक्यातल्या त्या बदामाचे
मी आजवर कधी आभार मानले नव्हते.

अकरा महिन्यांत एकवीस किलो.
वल्हेकऱ्यांच्या संघाची जर्सी दंडापाशीच अडली.
डावा पाय आधीच हट्टी,
त्यात हे नवं ओझं रोज जिना चढवायचं.

आमच्या गावात दारांना कुलपं नाहीत.
मटण वाळवायच्या खोपीला तर भिंतीसुद्धा धड नाहीत,
नुसत्या फळ्या, आणि फळ्यांमधून वारा.
मी तोर्सहावनहून कुलूप आणलं.
रात्री कडी ठोकत होतो तेव्हा
एकेक खिडकी उजळत गेली.

"मी चोर नाहीये, बाबा."
"नाहीस."
"मग हे कुणासाठी?"
"बदामासाठी."
तो अर्ध्या चेहऱ्यानं हसला. दुसरा अर्धा हल्ली हसत नाही.

आठवड्यानं शेजारच्या मार्युननं खोपीला कुलूप लावलं,
न विचारता, न सांगता.
म्हातारा ऑली मात्र म्हणाला, "वाढतं पोर आहे, खाऊ दे की,"
आणि एक अख्खी तंगडी त्याच्या हातात दिली.
ऑलीची ती माया मला अजून
पोटात घालता आलेली नाही.

फिजिओ सुन्वर म्हणते, वजन फक्त सोमवारी.
बाकीचे दिवस वल्ह्याचे फटके मोजा.
नावघरात मशीन मांडलं.
डावी मूठ मिटत नाही, म्हणून माझ्या जुन्या मफलरची पट्टी
त्याच्या बोटांवरून, दांड्यावरून, पुन्हा बोटांवरून.
पहिल्या दिवशी बारा फटके.
तेराव्याला त्यानं मला शिवी दिली, सुरेख, खलाशाची;
अपघातानंतरचं सर्वांत लांब वाक्य.
मीही मग नळीच्या पडद्यासारखा
त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं.
शेजारी बसून नुसता आकडे म्हणत राहिलो.

जूनमध्ये इथं रात्र नीट पडतच नाही.
तीनला जाग आली तर त्याचा पलंग रिकामा.
खोपीपाशी उकिडवा बसला होता,
फळ्यांच्या फटीत बोटं, नाक लाकडाला.
कुलपाला हात लावला नव्हता.
मला काही शहाणं सुचलं नाही.
त्याच्याजवळ बसलो, वास घेतला.
चांगला साधला होता या वर्षी.
मग म्हणालो, "नाव काढायची?"

मशीन सरळ जातं, समुद्र जात नाही.
उजवा हात ओढतो, डावा नुसता सोबत करतो,
नाव गोल गोल फिरत राहिली
जाळ्यातल्या सॅमनसारखी.
मी सुकाणूला हात लावला नाही.
ऐंशी. नव्वद. एकशे चार.
तिथं त्यानं वल्हं पाण्यावर आडवं टाकलं,
मान खाली घातली आणि म्हणाला,
"पुरे."

मी मफलरची गाठ सोडत बसलो,
गरजेपेक्षा बराच वेळ.

"नाश्त्याला काय?" त्यानं विचारलं.
दोन अंडी, मी म्हणालो, राईच्या पावाची एक चकती,
कोबी हवा तेवढा.
तो मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजत होता.
कोबीपाशी त्यानं तोंड वाकडं केलं.